आशय खोल, माणसं पोकळ: असा सिनेमा तरतो का?

प्रश्न थोडक्यात असा: सिनेमाला जे सांगायचं आहे ते खोल आणि महत्त्वाचं असेल, तर त्यातल्या व्यक्तिरेखा कच्च्या राहिल्या तरी चालतं का? आशय ती उणीव भरून काढतो का?

सरळ उत्तर: नाही. पण लगेच एक पुरवणी जोडायला हवी. 'व्यक्तिरेखा नाहीत तरी थोर' म्हणून ज्या सिनेमांची नावं घेतली जातात, त्यांतल्या बहुतेकांत व्यक्तिरेखा कच्च्या नसतात. एक तर त्यांच्याबद्दल मुद्दाम कमी सांगितलेलं असतं, नाही तर त्यांचं काम दुसऱ्याच कुणाकडे दिलेलं असतं: जमावाकडे, व्यवस्थेकडे, एखाद्या यंत्राकडे. कच्ची, अबोल आणि बदली या तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या की वाद सुरू होतो आणि संपत नाही.

आधी 'कच्ची' कशाला म्हणायचं ते ठरवू. नाव, गाव, बालपण, लकबी, आवडता रंग यांचा इथे फारसा संबंध नाही. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (1957) मध्ये बारा ज्यूरर, म्हणजे खटल्याचा निकाल ठरवायला बसवलेले साधे नागरिक, आहेत आणि जवळजवळ संपूर्ण सिनेमाभर आपल्याला त्यांची नावंही कळत नाहीत; दोघांची कळतात तीही अगदी शेवटी, कोर्टाच्या पायऱ्यांवर, जाता जाता. तरी त्यांतला तिसऱ्या क्रमांकाचा माणूस विसरता येत नाही, कारण आरोपी मुलाला दोषी ठरवण्याचा त्याचा हट्ट त्याच्या स्वतःच्या मुलाशी झालेल्या बेबनावातून आलेला आहे. मुलाबरोबरचा फोटो तो सगळ्यांदेखत फाडतो आणि तिथेच मोडतो. पूर्वग्रह न्यायाच्या आड कसा येतो हा सिनेमाचा आशय, आणि तो त्या फाटलेल्या फोटोत आहे. त्याबद्दल कुणी भाषण करत नाही.

व्यक्तिरेखा कच्ची ठरते ती एका कारणाने: तिच्या जागी दुसरं कुणीही उभं केलं तरी प्रसंग जसाच्या तसा घडतो. तिला काय हवंय, ते मिळवायला ती काय करेल आणि काय केल्या करणार नाही, आणि जे करेल त्याची कोणती किंमत मोजेल, यांतलं काहीच प्रसंगावर परिणाम करत नसेल, तर पंधरा पानांचं पूर्वायुष्य लिहूनही ती पोकळच राहते.

आता आशय का पुरा पडत नाही, याकडे येतो. निबंधात विचार मांडता येतो, कारण तिथे वाचक युक्तिवादाच्या मागे चालत असतो. सिनेमात प्रेक्षक माणसाच्या मागे चालतो. 'जात माणसाला माणूस म्हणून जगू देत नाही' हे वाक्य पडद्यावर ऐकलं तर प्रेक्षक मान डोलावतो, आणि मान डोलावणं म्हणजे त्याला आधीच पटलेलं होतं. 'फॅन्ड्री' (2013) मध्ये नागराज मंजुळे हे वाक्य कुणाच्या तोंडी घालत नाहीत. जब्या या दलित घरातल्या शाळकरी मुलाला वर्गातली शालू आवडते, तिला वश करायला त्याला काळी चिमणी हवी आहे, आणि वर्गातल्या मुलांनी आपल्याला डुकराच्या मागे धावताना पाहू नये एवढीच त्याची धडपड आहे. म्हणून तो आडोशाला लपतो. डुक्कर आवाक्यात येतं, शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, आणि सगळे जागच्या जागी थिजून उभे राहतात. पुढे मारलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जब्या आणि त्याच्या घरची माणसं चालतात तेव्हा मागच्या भिंतीवर समाजसुधारकांची चित्रं आहेत. त्या भिंतीचा अर्थ लागतो तो जब्याला काय लपवायचं होतं हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे. त्याची लाज काढून घ्या, उरेल ती रंगवलेली भिंत आणि एक हुशार फ्रेम.

आशय आणि व्यक्तिरेखा यांच्याकडे तराजूची दोन पारडी म्हणून पाहण्यात हीच चूक आहे. एक हलकं तर दुसरं जड करून भागत नाही. प्रेक्षकापर्यंत आशय ज्या वाटेने जातो ती वाट व्यक्तिरेखेच्या निर्णयातून जाते. निर्णय कच्चा असेल तर आशय लेखकाच्या वहीत राहतो.

मग अबोल व्यक्तिरेखांचं काय? फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँच्या 'अ मॅन एस्केप्ड' (1956) मधला, तुरुंगातून पळायची तयारी करणारा कैदी जवळजवळ भावनाशून्य चेहऱ्याने वावरतो. अभिनेत्यांना अभिनय करू न देणं ही ब्रेसाँची पद्धतच. आपल्याला त्याच्या कुटुंबाबद्दल फारसं कळत नाही. पण त्याचे हात काय करतात ते इंचाइंचाने कळतं: लोखंडी चमचा घासून पटाशी करणं, तिने दाराच्या फळ्यांमधले सांधे कोरणं, पडलेला भुसा गोळा करणं, बिछान्यातली तार आणि कापड पिळून दोर वळणं. मग ऐन वेळी त्याच्या कोठडीत एक पोरगा आणून टाकतात. तो खबऱ्या असू शकतो. आता त्याला मारायचं, की विश्वासात घेऊन बरोबर न्यायचं? श्रद्धा, नशीब, विश्वास याबद्दल जे काही म्हणायचं आहे ते त्या एका पेचात आहे. एवढा खंबीर माणूस लिहिणं फार थोड्यांना जमतं, आणि त्याच्यावरच 'सपाट' असा शिक्का बसतो, हे जरा गमतीचं आहे.

'द बॅटल ऑफ अल्जियर्स' (1966) मध्ये फ्रेंच सत्तेविरुद्ध लढणाऱ्या तीन अल्जीरियन स्त्रिया केस कापून, युरोपियन पेहराव करून नाक्यांवरून बॉम्ब नेतात. त्यांचं पूर्वायुष्य आपल्याला माहीत नाही. त्यांतली एक कॅफेत बसते आणि आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे पाहते. तिथे आइस्क्रीम खाणारं एक लहान मूलही आहे. ती पाहते, आणि तरी बॉम्ब ठेवून उठते. वसाहतवादावरचे कितीही संवाद लिहिले असते तरी त्या नजरेइतकं जड काही झालं नसतं. व्यक्तिरेखेला इथे मोजून काही मिनिटं मिळाली आहेत, म्हणजे प्रश्न वेळेचाही नाही.

बदलीचा प्रकार जास्त अवघड, कारण तो नकलायला सोपा वाटतो. स्टॅन्ली कुब्रिकच्या '2001: अ स्पेस ओडिसी' (1968) कडे बोट दाखवून 'बघा, तिथे माणसं लाकडी आहेत तरी चालतं' म्हटलं जातं. लाकडी आहेत, आणि ती मुद्दाम तशी ठेवली आहेत. आईवडील पडद्यावरून वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात तेव्हा अंतराळवीर पूल सनलॅम्पखाली आडवा पडून निर्विकार ऐकतो. सगळी धडपड, भीती, लपवाछपवी दिली आहे ती यान चालवणाऱ्या हॅल या बोलक्या यंत्राला. हॅलला काहीतरी हवं आहे, तो खोटं बोलतो, ओठांच्या हालचाली वाचून कट ओळखतो, खून करतो, आणि त्याचे स्मृतिकप्पे एकेक करून काढले जात असताना विनवतो, आपल्याला भीती वाटते असं सांगतो, शेवटी आवाज घोगरा होत एक गाणं म्हणतो. सिनेमातली सर्वांत भक्कम व्यक्तिरेखा ती आहे. माणूस यंत्र झालाय आणि यंत्र माणूस, हा आशय या वाटणीतूनच येतो. पूलला गोड, हळवा केला असता तर आशयच बिघडला असता. म्हणजे इथे व्यक्तिरेखेची उणीव आशयाने भरली नाही; आशयासाठी व्यक्तिरेखेची जागा बदलली.

'बॅटलशिप पोटेम्किन' (1925) मध्ये युद्धनौकेवर बंड करणाऱ्या खलाशांचा जमाव नायक आहे, आणि त्यालाही इच्छा, अपमान, निर्णय, किंमत हे सगळं आहे. अळ्या पडलेलं मांस 'उत्तम आहे' म्हणणारा डॉक्टर, त्याचा नाकचष्मा, आणि डॉक्टरला समुद्रात फेकल्यावर दोरखंडाला लटकत राहिलेला तोच चष्मा: दोनतीन शॉटमध्ये एक माणूस आणि एक राजवट निकालात. 'कोयानिस्कात्सी' (1982) मध्ये तर पात्र म्हणून कुणीच नाही, संवादही नाहीत, आणि तो दीड तासाच्या जवळपास चालतो. पण तो प्रतिमांच्या वेगावर आणि फिलिप ग्लासच्या संगीतावर उभा आहे. गोष्ट सांगण्याचं वचन त्याने दिलेलंच नाही. तुमच्या पहिल्या पाच मिनिटांनी गोष्टीचं वचन दिलं असेल, म्हणजे एखाद्या माणसाची अडचण दाखवली असेल, तर हा मार्ग तुम्हाला बंद झाला. दहाबारा मिनिटांच्या लघुपटात नुसती कल्पना तग धरते. दीड तासाच्या गोष्टीत नाही. रूपककथा, प्रहसन, शुद्ध भयपट यांत सपाट पात्रं चालतात, ती वेगळी जात आहे; तिथे प्रेक्षक मुळातच दुसऱ्या कराराने बसलेला असतो.

उलट बाजूचं उदाहरण म्हणून 'टेनेट' (2020) घेतो. (पाहिला नसेल तर हा परिच्छेद ओलांडा, शेवट फुटेल.) नायकाला नावच नाही, त्याला 'प्रोटॅगनिस्ट' म्हणतात. सुरुवातीला तो साथीदारांची नावं न सांगता विषाची गोळी चावतो. हा जबरदस्त निर्णय आहे. पण ती गोळी खोटी होती, ती परीक्षा होती, हे लगेच कळतं. किंमत परत मिळते. त्यानंतर त्याच्याकडे आज्ञा, कोडी आणि मोहिमा येतात, पण स्वतःचं काही गमावण्याचा पेच त्या तोडीचा येत नाही. घडायचं ते घडून गेलंय, तरी माणसाने निवड करायची की नाही, हा सिनेमाचा प्रश्न फार वजनदार आहे. तो मनाला भिडतो तो शेवटी, नायकाचा साथीदार नील आपलं काय होणार हे ठाऊक असताना मागे वळतो तेव्हा. आशय सिनेमाभर होता. भिडला तो किंमत मोजणारा माणूस मिळाल्यावर, आणि तो माणूस नायक नव्हता.

आता कामाचा भाग. पटकथा हातात असताना हे ओळखायचं कसं?

छापील प्रत घ्या, स्क्रीनवर नको. दोन रंगांचे पेन. विषयावर बोलणारं प्रत्येक वाक्य पिवळ्याने रंगवा: 'समाज', 'व्यवस्था', 'माणूस म्हणजे', 'आपण सगळेच' वगैरे. व्यक्तिरेखा जिथे असं काही करते की मागे फिरता येणार नाही, ती कृती निळ्याने. एक पान साधारण एक मिनिट धरलं तर 110 पानांच्या पटकथेत मुख्य पात्राच्या नावावर चारपाच ठळक निळ्या जागा तरी हव्यात, आणि त्यांतली एक शेवटच्या वीस पानांत. हा काही शास्त्राचा नियम नव्हे, हाताशी ठेवायचा अंदाज आहे. पिवळं पसरलेलं आणि निळं तुरळक दिसलं की रोग कळला. निळ्या जागा दुसऱ्याच पात्राकडे गोळा झाल्या असतील तर कदाचित तुमचा नायकच चुकला आहे. हे बऱ्याचदा निघतं आणि पटवून घ्यायला जड जातं.

मग नावं झाकून संवाद वाचा. कोण बोलतंय हे सलग तीन पानं ओळखता आलं नाही, तर सगळी पात्रं लेखकाच्या आवाजात बोलताहेत. विरोधी पात्राचे संवाद वेगळे काढून सलग वाचा. त्याची बाजू तुम्हाला क्षणभरही पटली नाही तर सिनेमा प्रवचन होणार. सर्वांत धारदार युक्तिवाद विरोधकाला द्यावा. नायकाने त्याला शब्दांनी हरवू नये, कृतीने उत्तर द्यावं.

दुरुस्ती कशी होते ते एका काल्पनिक उदाहरणावर दाखवतो. आशय: कायदा पाळणं आणि न्याय करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नायक सर्वेक्षक आहे, धरणात बुडणाऱ्या घरांची नोंदवही भरतोय. ठरलेल्या तारखेआधी बांधलेल्या घरांनाच भरपाई. पहिल्या ड्राफ्टमध्ये तो संध्याकाळी सहकाऱ्याला म्हणतो, "कायद्याला माणूस दिसत नाही, तारीख दिसते." वाक्य चांगलं आहे आणि म्हणूनच घातक आहे: ते लिहिल्यावर लेखकाला काम झाल्यासारखं वाटतं. पण ते कुठल्याही सर्वेक्षकाच्या तोंडी बसतं, आणि बोलून झाल्यावर त्याचं काहीही बदलत नाही.

आता त्याला एक गोष्ट द्या: त्याच्या नोंदवहीत कधी खाडाखोड नसते आणि त्याला त्याचा अभिमान आहे. हे पहिल्या दहा पानांत एका कृतीतून दाखवा. शाई फुटली म्हणून तो अख्खं पान पुन्हा लिहून काढतो, एवढं पुरे. मग एक बाई येते. तिचं घर तारखेनंतर अकरा दिवसांनी उभं राहिलंय. ती रडत नाही, विनवत नाही. खरी तारीख स्वतःहून सांगते. तो ती लिहितो. थांबतो. खोडतो, आणि वर दुसरी लिहितो. संवाद शून्य. आशय पडद्यावर आला, पण अर्धाच, कारण अजून किंमत मोजलेली नाही. दुसऱ्या दिवशी दारात चार जण उभे आहेत. त्यांतल्या एकाने नुसत्या भरपाईसाठी चार भिंती उभ्या केल्यात, आणि त्याला कालची खाडाखोड कळली आहे. आता नाही म्हटलं तर बाईचं नाव उघडं पडतं. हो म्हटलं तर ज्या वहीवर तो उभा होता ती वहीच खोटी झाली. इथे तो काय करतो ते सिनेमा ठरवेल. लक्षात घ्या, तो कामचुकार असता तर ही खाडाखोड निरर्थक ठरली असती. व्यक्तिरेखेतली एक गोष्ट बदलली की आशय हलतो, एवढं दोन्हींचं नातं घट्ट झालं पाहिजे. संध्याकाळचं ते सुंदर वाक्य आता काढून टाका. प्रसंगाला त्याची गरज नाही.

याच टप्प्यावर जी चुकीची दुरुस्ती हमखास होते ती म्हणजे दुखणं चिकटवणं. पात्र पोकळ वाटतंय म्हणून त्याला मेलेला भाऊ, तुटलेलं लग्न, आजारी आई देतात, आणि मध्यंतराच्या आसपास एक फ्लॅशबॅक. त्याने सहानुभूती मिळते. पण ते दुःख निर्णयाच्या क्षणी कामाला येत नसेल तर पटकथा आठ मिनिटांनी लांबली, एवढंच होतं. 'कोर्ट' (2014) मध्ये चैतन्य ताम्हाणे उलट करतात. सरकारी वकील, बचावाचा वकील, न्यायाधीश यांच्या मागे कॅमेरा कोर्टाबाहेर जातो, पण दुःख शोधायला नाही. त्यांच्या रोजच्या सवयी पाहायला. शेवटी कोर्ट रिकामं होतं, दिवे जातात, पडदा काळा होतो. तिथे सिनेमा संपू शकला असता. संपत नाही. न्यायाधीश सुट्टीवर, बाकड्यावर डुलकी घेतोय; पोरं ओरडून उठवतात, तो एकाच्या थोबाडीत मारतो आणि थोड्या वेळाने पुन्हा डोळे मिटतो. व्यवस्थेबद्दल जे म्हणायचं ते त्या चापटीत आणि त्यानंतरच्या झोपेत आलं.

चित्रीकरणात कच्चेपणाची खूण अभिनेत्याच्या शरीरात दिसते. प्रसंगात पात्राला काही हवंच नसेल तर चांगला नटही 'गंभीरपणा' वठवू लागतो: आवाज खाली, वाक्यांमध्ये लांब विराम, नजर खिडकीबाहेर. त्याला 'अजून खोल जा' सांगून उपयोग नाही. समोरच्याकडून काय काढून घ्यायचं आहे ते एका क्रियापदात सांगा: कबूल करायला लाव, थांबव, पैसे मिळव, टाळ. क्रियापद सापडत नसेल तर दोष नटाचा नाही, कागदाचा आहे.

संकलनात थोडंफार सावरतं. पहिला कट बसला की पिवळी वाक्यं सगळी काढून एकदा पाहा, निर्दयपणे. प्रसंग तरी समजला तर तीन-चार वाक्यंच परत घ्या. समजेनासा झाला तर तो प्रसंग नव्हताच, निवेदन होतं. बोलणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्याचा चेहरा धरा. निर्णयाआधीचे दोनतीन सेकंद बहुधा घाईने कापलेले असतात, ते परत आणा. चेहऱ्यावर प्रेक्षक स्वतःहून अर्थ चढवतो हे सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशॉव्हने एकच चेहरा वेगवेगळ्या शॉटना जोडून केलेल्या प्रयोगापासून माहीत आहे, पण त्यासाठी तो चेहरा कशाकडे पाहतोय ते दाखवलेलं असावं लागतं. पार्श्वसंगीत सगळ्यात शेवटी. कच्च्या निर्णयाखाली व्हायोलिन भरलं की प्रेक्षकाला आपल्याकडून भावना वसूल केली जातेय हे बरोबर कळतं.

जे संकलनात होत नाही ते म्हणजे नसलेला निर्णय निर्माण करणं. तो चित्रित केलेलाच नसेल तर एक दिवसाचं जादा चित्रीकरण मागा, आणि त्या दिवशी समजावणारा नवा संवाद अजिबात घेऊ नका. एक कृती घ्या. सर्वेक्षकाच्या बाबतीत वही, पेन आणि हात एवढंच लागेल. नट उपलब्ध नसेल तर हाताचा क्लोज-अप दुसऱ्या कुणाच्या हाताने घेता येतो, फक्त बाहीचा रंग आणि उजेडाची दिशा आधीच्या शॉटशी जुळवून घ्यायची.